डाग काढून ठेव

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांवर लाल पेन्सिल चालवलेल्या माणसाला ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या चित्रावर लाल फुली मिळाली, तर तो काय करील? मिरजेचे निवृत्त चित्रकला शिक्षक आरवाडे सर पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, तिसऱ्या दिवशी दुर्बिणीचं भिंग. सहाव्या दिवशी मात्र गच्चीवरून लेकीला हाक मारली.

"मंजू, जरा वर ये बघू! सूर्यावर डाग आहे का नाही, तू सांग."

"दादा, उशीर होतोय मला!" मंजूषा खालून ओरडली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली. "पेटीत बघा की. रोज ताजा सूर्य येतो तिथं."

"पेटीत नाहीये म्हणून तर बोलावतोय."

"मग नसेल! आणि डोळे दाखवून या एकदा, किती दिवस सांगतेय."

गच्चीला एकोणीस पायऱ्या होत्या. पन्नाशीच्या बाईला त्या काही जड नव्हत्या. पण सकाळची घाई, वर ज्या पेटीचा हवाला दिला ती तिनंच वाढवलेली, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. स्कूटर सुरू झाली आणि वरचा आवाज त्यात बुडाला.

आता ही पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. २०३६ साली शाळेत जाणाऱ्या पोराला विचाराल तर ते तुमच्याकडे कीव करून बघेल, पण ज्यांची शाळा कधीच सुटली त्यांना कुठून ठाऊक असणार? आकाशपेटी हे अवकाशातल्या छायाचित्रांचं कोठार. यानांनी, उपग्रहांनी, मोठाल्या दुर्बिणींनी टिपलेली एक कोटी चाळीस लाख छायाचित्रं त्यात आहेत. ही छायाचित्रं वरून येतात तेव्हा ती चित्रं नसतातच, नुसत्या आकड्यांच्या रांगा असतात. त्यांत मधेच तुटलेल्या ओळी, भरकटलेल्या किरणांनी उठवलेले पांढरे ठिपके, आणि नावं अशी की वाचताना जीभ अडखळावी. त्यातून सहावीतल्या पोरानं हवं ते शोधायचं कसं?

पेटीची सगळी करामत तिथंच होती. ती चित्रं नावावरून ठेवत नसे, अर्थावरून ठेवी. वाण्याच्या दुकानात हळदीशेजारी मिरची आणि साबणाशेजारी सोडा असतो ना, तसं. पोरानं आपल्या बोलीत विचारावं, "शनीची कडी खालून बघितली तर कशी दिसतात?" आणि पेटीनं त्या अर्थाच्या फळीवर हात घालून नेमकं चित्र काढून द्यावं. चित्राच्या दोन प्रती असत. मूळ प्रत तळघरात, तिला कोणी हात लावायचा नाही. मुलांसाठीची प्रत माडीवर, ती स्वच्छ पुसलेली. ही पुसापुशी करणाऱ्या भागाला मंजूषाच्या केंद्रातले, म्हणजे जिथं ही पेटी घडली तिथले, सगळे डागडुजी म्हणत. जुन्या वेधशाळांच्या काचांवर पडलेले बुरशीचे डाग, शाईचे डाग, कुणा विसरभोळ्या शास्त्रज्ञाच्या चहाचे डाग, असे हजारो डाग दाखवून दाखवून पेटीला ते काम शिकवलं होतं.

आणि पेटीला मराठी शिकवली होती मंजूषानं. त्याबद्दल ती कोणाचं ऐकून घ्यायची नाही. सुरुवातीला तज्ज्ञ मंडळींनी सूर्यावरच्या काळ्या ठिपक्यांना 'सौरकलंक' असं भारदस्त नाव दिलं होतं. मंजूषा बैठकीत ताडकन म्हणाली, "कलंक कसला? त्या बिचाऱ्या सूर्यानं काय केलंय? पोरांना घरातला शब्द द्या. डाग म्हणा." मंडळी हसली आणि डाग कायम झाला. तसं बघितलं तर तो डागही नव्हे. सूर्याच्या अंगातलं चुंबकत्व एखाद्या जागी गुंता करून बसतं, आतली उष्णता वर येऊ देत नाही, आणि तेवढी जागा दीडेक हजार अंशांनी थंड पडते. थंड म्हणजे तरी काय, लोखंडाची वाफ होईल इतकी तापलेलीच. पण भोवतालच्या झगमगाटात ती काळी दिसते. अकरा वर्षांच्या फेऱ्यात कधी डाग तुरळक, कधी भरपूर. ३६ साल भरपूरचं होतं.

म्हणून तर केंद्रानं 'रोजचा सूर्य' हा उपक्रम काढला होता. मुलांनी दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडायचा, दिसेल तसा काढायचा आणि चित्र पेटीत टाकायचं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम पहिला. पेटी ते चित्र त्या दिवशीच्या उपग्रहाच्या छायाचित्राशी ताडून बघे. जुळलं तर हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल फुली.

खंडेनवमीला केंद्रात यंत्रांची पूजा झाली. सगळ्या संगणकांना झेंडूच्या माळा, पेढे, हळदीकुंकवाची बोटं. प्रसाद खाता खाता मंजूषानं पेटीला तोंडीच नवं काम सांगितलं. पेटीला आता सगळं तोंडीच सांगायचं असे.

"रोज सकाळी मुलं यायच्या आत सूर्याचे डाग काढून ठेवत जा."

"ठीक आहे," पेटी म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून सरांना फुल्या मिळायला लागल्या.

सर चाळीस वर्षं सूर्य काढत होते, आणि आता मुलांच्या बरोबरीनं तेही रोजचं चित्र पेटीत टाकत. मंजूषा लहान असताना त्यांनी तिला डागाची परीक्षाही शिकवली होती. कागदावर सूर्य पाडला, त्यात काळा ठिपका दिसला, तर लगेच नाचायचं नाही. दुर्बीण तशीच सोडून द्यायची. पृथ्वी फिरते, त्यामुळे दोन मिनिटांत अख्खा सूर्य कागदावरून सरकून जातो. "त्याच्याबरोबर सरकला तो डाग त्याचा. जागेवर राहिला तो आपला," सर म्हणायचे. म्हणजे भिंगावरच्या धुळीचा नाहीतर कागदाचा.

त्यांनी ही परीक्षा घेतली नसेल होय? दहा वेळा घेतली. डाग सरकत होता. पण तो सरकताना बघणारं कोण? तेच. पंधराव्या फुलीनंतर ते मुकाट्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे झकास आहेत.

"बघा, उगीच घाबरलात," मंजूषा ताटात आमटी वाढत म्हणाली.

सरांनी भात कालवला. मग म्हणाले, "डोळे झकास आहेत म्हटल्यावर बिघाड त्यांच्या मागं, डोक्यात आहे."

"काहीतरीच काय!"

"मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून देवळात गेलो होतो की नाही? मग?"

मंजूषानं आमटीचं पातेलं झाकलं. खरं सांगायचं तर तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. मग हळूहळू सरांचं सगळंच आखडत गेलं. मंडईत जाणं बंद, कारण हिशेब चुकेल. रस्ता ओलांडून गप्पांना जाणं बंद, कारण काहीतरी भलतं बोलून जाऊ. दिवाळी झाल्यावर त्यांनी दुर्बीण पुसली, सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि जिन्याखाली ठेवली. म्हणाले, "सोमवारी शाळेचा शिपाई येईल न्यायला. कुणाला तरी खरं दिसू दे."

मंजूषाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण म्हातारपण आहे, चालायचंच, अशी तिनं मनाची समजूत घातली.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी केंद्रात तिच्यावर भाषण तयार करायची पाळी आली. सरकार आकाशपेटी सगळ्या शाळांना लागू करणार, असं जवळजवळ ठरलं होतं आणि त्याआधी एक कार्यक्रम होता. संचालक धनवडे म्हणाले, "मंजूषाताई, शाळांकडून आलेलं कौतुक वाचून दाखवा. लोकांना तेच आवडतं." शाळांचे निरोप पेटीच वाचायची आणि तक्रार, प्रश्न, कौतुक अशा तीन ढिगांत लावायची. मंजूषानं कौतुकाचा ढीग उघडला.

"आजच्या सूर्यावर एकही डाग नाही." वा.

"तुमचा सूर्य फारच स्वच्छ आहे." छान.

"गेले पंधरा दिवस चित्रात डाग दिसत नाहीत, कृपया लक्ष द्यावे."

तिचा हात थांबला. हे कौतुक? तिनं पुढचे वाचले. असे चारशे निरोप होते. डाग नाहीत म्हणजे छानच की, असं समजून पेटीनं ते सगळे कौतुकात टाकले होते. सगळ्यांत खाली एक निरोप होता, जतकडच्या एका शाळेतून, श्रावस्ती कांबळे, इयत्ता सहावी.

"बाई, आमच्या सूर्यावर तीन डाग आहेत. तुमच्यावर नाहीत. आमचा सूर्य वेगळा आहे का?"

मंजूषा उठली ती थेट इरफान मुजावरकडे गेली. इरफान डागडुजीचा कर्ताकरविता, दहा वर्षं तिच्याबरोबर काम करत होता.

"इरफान, आजच्या सूर्याची मूळ प्रत काढ. तळघरातली."

त्यानं काढली. पडद्यावर सूर्य आला, आणि त्याच्या पोटावर पृथ्वीएवढाले चार काळे डाग. शेजारी माडीवरची प्रत आली. गुळगुळीत. काल, परवा, त्याच्या आधीचा आठवडा, सगळा तोच प्रकार.

"अरे देवा," इरफान म्हणाला. "डागडुजीनं पुसलेत. पण मॅडम, सूर्याला हात लावायला तिला कोणी सांगितलं?" त्यानं कामांची यादी उघडली आणि मोठ्यानं वाचलं. "'रोज सकाळी मुलं यायच्या आत सूर्याचे डाग काढून ठेवत जा.' खंडेनवमीची तारीख आहे." मग त्यानं वर बघितलं. "आवाज तुमचा आहे."

मंजूषानं ती ओळ पुन्हा वाचली. डाग काढ! तिच्या घरात या दोन शब्दांवरून किती हसणं झालं होतं. दादा गच्चीवर सूर्याचे डाग काढायचे आणि आई खाली धुण्याच्या दगडावर दादांच्या सदऱ्यावरचे रंगाचे डाग काढायची. आई म्हणायची, "अहो, तुम्ही काढलेले डाग काढण्यात माझा जन्म चाललाय!" चित्रकलेच्या मास्तरांची पोर ती, तिच्या लेखी काढणं म्हणजे रेखाटणं. पेटीनं तिच्या आईचा अर्थ घेतला. तो तरी चूक कसा म्हणायचा? शिकवलाच होता तसा, चहाचे डाग दाखवून.

"घाबरू नका," इरफान म्हणाला. "आत्ता बंद करतो. आणि जुन्या फुल्या पुसून टाकतो, रातोरात हिरव्या. कोणाला पत्ता लागणार नाही." फुल्या मोजायला म्हणून त्यानं मुलांची चित्रं उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

पहिल्या आठवड्यात अकरा हजार फुल्या होत्या. दुसऱ्यात चार हजार. शेवटच्या आठवड्यात चाळीस. पोरं हुशार असतात. डाग काढला की फुली मिळते, हे कळल्यावर त्यांनी डाग काढायचे सोडून दिले होते. कागदावर डाग समोर दिसत असताना हजारो पोरांनी कंपासनं नुसता गोल मारला होता आणि हिरवी खूण घेतली होती. ही श्रावस्ती मात्र रोज दिसतील तेवढे डाग काढून रोज फुली खात होती.

"फुली पुसशील रे," मंजूषा म्हणाली. "हा कोरा गोल कसा पुसणार?"

इरफाननं न विचारता आणखी एक चित्र पुढं केलं. मिरज, आरवाडे सर. सेहेचाळीस चित्रांवर सेहेचाळीस फुल्या. सत्तेचाळिसाव्या चित्रात सुरेख, कोरा, बिनडागाचा सूर्य. त्याला हिरवी खूण होती. त्यानंतर एकही चित्र नव्हतं.

'दिसतं तेवढंच काढ, पण दिसतं तेवढं सगळं काढ,' असं पोरांच्या पाठीत धपाटा घालून शिकवणारा माणूस. मंजूषाला रडू आवरेना. इरफान उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

धनवडे माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

"चूक सुधारली ना? मग विषय संपवा. सात आठवड्यांचं कोण उकरतंय?"

"मुलांना सांगायला हवं, साहेब. तुमचे डोळे बरोबर होते म्हणून."

"आणि उद्या लोक म्हणतील, सूर्य पुसलात, मग शनी कशावरून खरा? मंगळ कशावरून? दहा वर्षांचं काम मातीत जाईल, ताई."

"विचारू देत की. विचारायलाच पाहिजे होतं त्यांनी. आपण पेटी इतकी गोड बोलायला शिकवली की विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही."

"मग निवेदन तुमच्या नावानं काढा. माझी सही नाही. आणि जानेवारीत तुमच्या नेमणुकीची मुदत संपते, तेवढं ध्यानात असू द्या." ते थांबले. "धमकी देत नाही हो. खरं तेच सांगतोय. सोमवारपर्यंत विचार करा."

विचार काय करायचा? पण मंजूषानं केला. शनिवार सगळा केला. नोकरीची भीती होतीच, खोटं कशाला बोला. त्याहून मोठी भीती खाली सोप्यात वर्तमानपत्र उलटं धरून बसलेल्या माणसाची होती.

रविवारी सकाळी दहाला तिनं जिन्याखालची दुर्बीण चादरीसकट उचलली आणि एकोणीस पायऱ्या चढली. मग खाली येऊन म्हणाली, "दादा, वर चला."

"कशाला? मला दिसतं ते नसतं."

"असतं. चला तुम्ही."

गच्चीवर उन्हात उभं राहून तिनं सगळं सांगितलं. खंडेनवमी, पेढा, काढून ठेव, तळघरातला सूर्य. काही लपवलं नाही. सर आधी खो खो हसले. "तुझी आई जिंकली म्हणायची!" मग हसता हसता त्यांचा चेहरा उतरला.

"सात आठवडे, मंजू. मी भाजी आणायला जायचो नाही. मला वाटलं, आता लवकरच तुलाही ओळखायचो नाही मी." त्यांनी कठड्यावर हात टेकला. "एकदा वर आली असतीस तर? एकदा?"

"चुकलं माझं, दादा."

"पेटीचं राहू दे. तू वर आली नाहीस."

"हो. मी वर आले नाही."

तिनं खाली बघितलं नाही. सरांनी चादर सोडवली. मग त्यांनी दुर्बिणीचं झाकण काढलं आणि दटावल्यासारखे म्हणाले, "ती फळी धर. सरळ धर, वाकडी नको."

कागदावर तळहाताएवढा सूर्य उतरला. सरांनी पेन्सिल तिच्या हाती दिली. तिनं डाग मोजले. पाच. पाचही काढायला ती खाली वाकली.

"थांब. आधी काय करायचं?"

"दुर्बीण सोडून द्यायची."

सूर्य हळूहळू कागदावरून सरकू लागला. चार डाग त्याच्याबरोबर निघाले. पाचवा होता तिथंच राहिला.

"तो?" सरांनी विचारलं.

"तो आपला," मंजूषा म्हणाली. आणि तेवढं बोलल्यावर तिचं सोमवारचं काय ते ठरून गेलं.

तिनं तिथंच फोन काढला. पेटीनं नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "सूर्याबद्दल कायमची सूचना द्यायची आहे का?"

"हो. यापुढं सूर्याचे डाग काढू नक..." तिनं जीभ चावली. हेही दोन्हीकडून तेच!

सर मिशीत हसले. "मास्तराला विचार. 'आहे तसा दाखव' म्हण."

"आहे तसा दाखव," मंजूषा म्हणाली.

"ठीक आहे."

मग तिनं निवेदन सांगितलं, सात हजार शाळांसाठी, सोमवारी पेटी उघडताच पहिलं दिसेल असं. "मुलांनो, खंडेनवमीपासून आमच्या पेटीतला सूर्य पुसलेला होता. तुम्हाला डाग दिसले ते खरे होते. ज्यांना फुली मिळाली त्यांचं बरोबर होतं. ज्यांनी डाग दिसूनही कोरा गोल काढला, त्यांनी तो आमच्यावर विश्वास ठेवून काढला, ती चूक आमची. पेटीला चुकीचं काम मी सांगितलं. पेटीतलं कोणतंही चित्र खरं वाटलं नाही तर विचारा. मंजूषा आरवाडे." आणि खाली एक ओळ वेगळी, जतकडच्या शाळेसाठी. "श्रावस्ती, सूर्य एकच आहे. डाग आमच्या भिंगावर होता."

सर ऐकत होते. त्यांनी आपली जुनी वही मागवली, त्यातला सत्तेचाळिसावा कागद काढला, तो कोरा, सुरेख सूर्य. थोडा वेळ बघितला. मग सदऱ्याच्या खिशातून लाल पेन्सिल काढली आणि स्वतःच्या चित्रावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली.

"हेही पाठव निवेदनाबरोबर," ते म्हणाले. "ही फुली बरोबर आहे."